सेटर म्हणजे नेमकं कोण?

रागावणं हेच आपलं काम समजून ते रोज नेमाने करणारा माणूस मी एकच पाहिला. माझ्या बायकोचे सफाळ्याचे मामा. चहा गार मिळाला तर ते रागावत आणि गरम मिळाला तर "जीब भाजायला दिलाय काय?" म्हणून रागावत. पण या किरकोळ रागांच्या वर त्यांचा एक राखीव राग होता, आणि तो 'सेटर' या एका शब्दासाठी होता.

मामा बोईसरच्या एका कारखान्यात तीस वर्षं सेटर होते. पत्रा कापायच्या प्रेसमध्ये डाय, म्हणजे कापायचा पोलादी साचा, बसवायची, सूतभरही हलणार नाही अशी घट्ट करायची, मशीन चालवणाऱ्याच्या हवाली करायची आणि बाजूला व्हायचं, हे त्यांचं काम. आपण लावलेल्या मशीनवर कुणाचं बोट गेलं नाही, हे ते लग्नात सांगत, बारशाला सांगत, एकदा तर मयताला जमलेल्यांनाही त्यांनी सांगितलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर पाटी लावली आणि नावाखाली नावाहून मोठ्या अक्षरांत 'सेटर' असं रंगवून घेतलं.

आठवड्याच्या आत एक बाई आली. तिच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळत नव्हता. "सेटिंग करनारे तुमीच ना? कुनाला भेटायचं तेवडं सांगा." मामांनी तिला ओट्यावर बसवून डाय म्हणजे काय ते पाऊण तास समजावलं. उठताना ती म्हणाली, "ते खरं हो, पन काम होईल ना?" त्या दिवशी मामा माझ्याकडे आले ते तणतणतच. "दलाल समजली मला! तीस वर्सं इमानानं काम केलं, त्याचा ह्यो अर्थ?" पुढे एका लग्नात कुणीतरी एका मास्तरांची ओळख 'पेपर सेटर' अशी करून दिली. मामांनी विचारलं, "किती टनाच्या प्रेसवर?" मास्तर हसले आणि मामा पंगतीतून उठून गेले.

आणि मग तो कुत्रा आला. मामांच्या घराजवळ मुंबईच्या एका साहेबांचा बंगला आहे. साहेबांनी लांब तांबूस केसांचा एक कुत्रा आणून तिथल्या रखवालदाराकडे ठेवला. जात सांगितली सेटर. रखवालदाराला वाटलं, हेच नाव. मामा नळावर कुणाशी तरी तावातावाने भांडत असताना कुंपणाआडून आवाज आला, "ए सेटर! चुप बैठ!"

मामा तडक माझ्या घरी. "आता कुत्रा बोलले मला! बघ तुझ्या त्या फोनमदी, सेटर कुत्रा म्हंजी काय हाय ते."

मी शोधून वाचून दाखवलं. हा शिकारी कुत्रा. झुडपात पक्षी दिसला की जागच्या जागी दबून बसतो. भुंकत नाही, झेपही घेत नाही. शिकारी येईपर्यंत हलत नाही.

"मंग मारतो कोन?"

"शिकारी."

"आनि नाव?"

"शिकाऱ्याचंच."

मामांनी फोन हातात घेऊन कुत्र्याचं चित्र निरखलं. मग म्हणाले, "साहेब लोकांना सेटरची किंमत कदी कळलीच नाय रे." एवढं बोलून ते चहा न घेताच गेले. चहाला नावं न ठेवता गेले, याचीच मला धास्ती वाटली.

हल्ली साहेब फिरकत नाहीत. कुत्र्याला फिरवून आणायचं काम मामांनी आपणहून अंगावर घेतलंय. परवा संध्याकाळी मला ते दोघे कापणी झालेल्या भातशेतात दिसले. कुत्रा पोट जमिनीला टेकवून, नाक पुढे करून, दगडासारखा बसला होता. मामाही श्वास रोखून उभे. समोरच्या गवतातून एक लावा पक्षी फडफडत उठला आणि काट्यांच्या वईपलीकडे उडून गेला. मारणारं कुणी नव्हतंच. कुत्रा तरी हलेना.

मामा खाली वाकले. त्याच्या पाठीवर हात ठेवून, मी कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "चोख काम केलंस. चल आता, शिफ्ट सुटली."