आज बागेला पाणी कोण घालतंय

उन्हाळ्यात घरी भाजी लावायची म्हटलं की लोकांना आधी खत आठवतं. मी म्हणते, खत राहू द्या, पाणी कोण घालणार ते आधी ठरवा. ते एकाच माणसाचं काम असावं. आपली काळी माती फसवी असते. वरून भेगाळलेली दिसते आणि बोटभर खाली ओल असते, नाहीतर वरून ओलीचिंब आणि मुळाशी कोरडी. रोज बोट खुपसून बघणाऱ्यालाच ते कळतं. हात बदलला की रोप एक तर सुकतं, नाहीतर कुजतं.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. सातपूरच्या बाजूला बैठ्या घरांच्या एका गल्लीत शिकले, आणि त्या शिकण्याची अजून लाज वाटते.

लग्न होऊन मी त्या गल्लीत आले तेव्हा सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. यांची कारखान्यात नोकरी. सासरे गावी शेतावर राहायचे. इथे हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. घरापुढे जमिनीची एक अरुंद पट्टी होती, तिला तारेचं कुंपण आणि कुंपणाला लागून रस्ता. आत्याबाईंनी पहिल्याच महिन्यात ती पट्टी माझ्या हवाली केली.

"कर तुला काय करायचं ते. मला आता वाकवत नाय."

माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं. द्राक्षांच्या छाटणीत निघालेल्या काड्या भाऊ भारा बांधून टेंपोतून पाठवायचा. टोमॅटोला आणि घेवड्याला आधार द्यायला त्या फार छान. उन्हाळ्यात मी भेंडी आणि गवार लावायची, ती दोन्ही उन्हाला भीत नाहीत. कोथिंबीर मात्र भिते. तिच्यावर जुन्या सुती साडीचा मांडव घालावा, नायलॉनची साडी नको, खाली भट्टी होते. वाफ्यावर वाळका पाला पसरावा. पाणी ऊन उतरल्यावर. भेंडीवर मावा आला की सकाळी पानं दवानं ओली असताना चुलीची राख भुरकावी. कुंपणाशी मी मोगरा लावला होता. चैत्रात तो असा फुलायचा की रस्त्यावरून जाणारा माणूस चाल मंद करायचा.

गल्लीतल्या बायका येऊन कढीपत्ता, मिरच्या न्यायच्या. समोरच्या मावशी रोज सकाळी देवासाठी मोगरा न्यायच्या. मावशी आत्याबाईंच्याच वयाच्या, सोवळ्याच्या कडक, पण मनानं वाईट नव्हत्या. गल्लीत कोणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना त्या घरच्या माणसांच्या आधी कळायचं.

आता खरं ते सांगते. त्या काळी आमच्याकडे बाई महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची. स्वयंपाक नाही, देव नाही आणि झाडंही नाहीत. बाहेरच्या बाईचा हात लागला तर वेल करपतो असं सगळ्याच म्हणायच्या. मी मागच्या पडवीत बसायची आणि बागेला पाणी घालायचे हे. कारखान्यातून आले की बनियनवरच बादली घेऊन पुढे जायचे आणि रोपाच्या डोक्यावर धो धो ओतायचे. मुळं उघडी पडायची. मी पडवीतून आवाजावरून ओळखायची की आज कुठला वाफा गेला.

पण वाफ्याचं दुःख नव्हतं. पुढे रस्ता होता ना. यांच्या हातात बादली दिसली की गल्लीला कळायचं.

"काय भाऊ, आज तुम्ही माळीबुवा?" समोरून मावशी विचारायच्या.

"हो ना, पगार नाही, नुसतं काम," हे हसून म्हणायचे. त्यांना वाटायचं चेष्टा चाललीय.

आणि मग मावशी शेजारणीकडे वळून, आवाज न उतरवता म्हणायच्या, "याही महिन्यात नाही."

लग्नाला चौथं वर्ष लागलं होतं. मूल आम्हाला कधीच झालं नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत वाट बघत बसणार नाही. पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. दर महिन्याला ती बादली खणकन वाजायची आणि मला वाटायचं, गल्लीत दवंडी पिटली. एका पावसाळ्यात मी कुंपणावर दोडका चढवला, दाट, माणसाएवढा उंच. बायका म्हणाल्या, काय सुंदर वेल आणलाय. मला फक्त आडोसा हवा होता. पण दोडका काही बारा महिने टिकत नाही.

त्या वर्षी चैत्रात कंपनीनं यांना मशीन बसवायला मालेगावला पाठवलं. त्याच आठवड्यात आत्याबाईंचा पाय न्हाणीत घसरला, घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला. मी वांग्याची आणि मिरचीची रोपं नुकतीच लावली होती. आणि मी बाजूला बसले.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर आत्याबाई दाराची चौकट धरून पुढे बघत उभ्या होत्या. मग लंगडत पडवीपर्यंत आल्या.

"ऊठ. पाणी घाल."

"आत्याबाई, मी?"

"मग मी घालू का या पायानं? पिंप बाहेर हाय. पिण्याच्या पाण्याला शिवू नको. तुळशीला मी तांब्याभर घालते. बाकी समदं तू घाल."

"वेल करपले तर?"

"नाय घातलं तर आज रातच्याला मरतील. करपायला निदान दोन दिस लागतील," त्या म्हणाल्या.

मी घातलं. रोपाच्या बुडाशी, हातानं, हळूहळू. माझी मान खालीच होती. मला वाटलं, मी शिवते आहे हे पानांना कळेल. सकाळी रोपं ताठ उभी होती. मोगराही फुलला होता आणि मावशींनी रोजच्यासारखी ओंजळभर फुलं नेली. मी घराच्या कोपऱ्याआडून बघत होते. आत्याबाईही बघत होत्या.

आता गल्लीनं काय पाहिलं? माझी तारीख उलटली आणि बादली माझ्याच हातात. त्यानंतर एक दिवस चुकला नाही. आठवडाभरात मावशी परडीभर कैऱ्या घेऊन आल्या.

"घे गं. तिखटमीठ लावून खा. आता आंबट खावंसंच वाटणार."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी घोट्यावरची पट्टी सोडून पुन्हा बांधायला घेतली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या बाईंनी रस्त्यात माझ्या हातातली बादली काढून घेतली. "बाई बाई, वजन उचलायचं असतं का?"

नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न होता, मग पाणी कसं घातलंस? आणि ती फुलं मावशींच्या देवावर रोज चढली होती. मी कैऱ्या खाल्ल्या. चांगल्या लागल्या. त्या दिवसांत मी नळावर गेले की बायका मला पुढे जागा द्यायच्या आणि मी ती घ्यायची. लिहितानाही कान तापतात.

मग मावशींकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. आत्याबाई माझ्या खांद्यावर हात टाकून कशाबशा पोचल्या. गौर मांडली होती पितळी झोपाळ्यात, भोवती कलिंगडाची कापलेली कमळं, डाळ, पन्हं, आणि सगळीकडून मोगरा. माझा मोगरा. मावशींनी बायकांना बसवलं, हळदीकुंकू लावलं, आणि माझ्यापुढे आल्या तेव्हा त्यांच्या हातात भिजवलेल्या हरभऱ्याबरोबर नारळ होता.

"पदर पुढे कर. तुझी नीट भरते. पुढल्या चैत्रात मांडीवर घेऊन ये."

सगळ्या बायका कौतुकानं बघत होत्या. मी पदर पुढे केला. दुसरं काय करणार होते?

"नारळ ठिवा मावशी," आत्याबाई म्हणाल्या.

"अहो आक्का, घेऊ द्या की."

"तिला दिस गेलेले नाय. ती बाहेरचीच होती. माझा पाय असा, पोरगा गावाला, रोपं मरत व्हती. म्याच म्हनलं, घाल पाणी."

एक लहान मुलगी पन्हं मागत होती, तिच्या आईनं तिला चिमटा काढला.

मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. गौरीकडे बघत होत्या. "आणि ही फुलं?"

"आमच्याच झाडाची. माझ्यावर रागवा. तिला बोलू नका."

मावशींनी झोपाळ्याभोवतीची फुलं एकेक करून उचलली आणि बाजूच्या ताटलीत ठेवली. सगळी उचलेपर्यंत आम्ही बघत बसलो. मग हात धुऊन त्या परत माझ्यापुढे आल्या आणि नुसत्या हरभऱ्यांनी माझी ओटी भरली. मी वाकून नमस्कार केला. पदराच्या गाठीत ते ओले हरभरे घेऊन मी आत्याबाईंना सांभाळत रस्ता ओलांडला. रस्ता तो केवढा, पण पार होईना.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही कशाला बोललात?"

"आज नारळ घेतला असता. पुढं सातव्या महिन्यात काय दाखवणार व्हतीस?"

महिनाभर गल्लीतलं कोणी आमच्या दारात मिरच्यांना आलं नाही. मोगरा झाडाखाली पडून तपकिरी व्हायचा. हे मालेगावहून आले, त्यांना आम्ही काहीच सांगितलं नाही. पुढच्या वेळी मी पडवीत बसले आणि यांनी सवयीनं बादली उचलली, तेव्हा आत्याबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून माझ्यापुढे आणून ठेवली.

"तू ओतून मुळं उघडी करतोस. तीच घालंल."

तेव्हापासून पाणी बारा महिने माझ्या हातचं. आमच्या बागेकडे बघून गल्लीला काही कळेनासं झालं. मला वाटलं, सुटले.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी मावशी परडी घेऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या. फुलांना हात लावला नाही. रस्त्यावरूनच त्यांनी विचारलं, "आज घेऊ का गं फुलं?"

मला प्रश्न कळला. येणाऱ्याजाणाऱ्यांनाही कळला असणार.

"घ्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी विचारलं, आणि तिसऱ्या दिवशीही. आम्ही ती गल्ली सोडेपर्यंत मोगऱ्याच्या दिवसांत रोज विचारत राहिल्या. मी रोज म्हणायची, घ्या. त्या चार दिवसांतही म्हणायची. तेव्हा मान वर होत नसे, वाफ्यातल्या मातीकडे बघतच बोलायची. मावशींना ते दिसत नसेल असं कसं म्हणू? त्या जराशा थांबायच्या, आणि फुलं तोडायच्या.