ताटात उरलेला नट

या ग्रुपवरचे किस्से मी करमणूक म्हणून वाचते. पांढरी साडी, हायवेवरची लिफ्ट, अमावास्येचे पैंजण… भुतांना दुसरा काही धंदा सुचतच नाही वाटतं. मी पुसदला पॅथॉलॉजी लॅब चालवते. काविळीसाठी गळ्यात मुळ्यांची माळ घालून दिवस घालवणारे आणि मग पिवळेजर्द होऊन माझ्यासमोर बसणारे लोक मी नेहमी बघते, त्यामुळे श्रद्धा-बिद्धा या विषयावर माझ्याशी बोलायला कोणी धजत नाही. शिवाय आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा काढला तो काढलाच. माझे वडील म्हणायचे, ज्या घरात देवाला जागा नाही तिथं भुताला कोण ठेवून घेणार? तर हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा. आणि "अंगावर काटा आला" असल्या कॉमेंट टाकू नका, मला त्यांचा राग येतो.

सुरुवात झाली ती माझ्या नणंदेच्या नवऱ्यापासून. प्रमोदभाऊजी पुण्याला असतात. गेल्या वर्षी ते कुठल्याशा बेटावर जाऊन आले आणि तेव्हापासून तोंडी एकच — ज्वालामुखीचा समुद्रकिनारा, काळेकभिन्न कडे, आणि ते दाखवायला फक्त ह्या दोघांसाठी घेतलेला प्रायव्हेट गाइड. फोटोंत समुद्र कमी, भाऊजी जास्त. नवरात्राच्या आधी दोघं पुसदला आले, तेव्हा चौथ्यांदा तेच पुराण ऐकून मी म्हटलं, "अहो, असले खडक आमच्या पैनगंगेच्या काठाला पडीक आहेत. त्याला विमान कशाला लागतं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्याच दिवशी भाऊजींनी गाइड शोधून ठरवूनसुद्धा टाकला — 'प्रायव्हेट गायडेड डे ट्रिप'. आमचे हे कामाचं निमित्त सांगून सुटले. मी अडकले.

गाइड म्हणजे महागावचे शकीलभाई. आधी हायवेवर गॅरेज होतं, आता ते पुतण्याच्या हवाली करून हे स्वतःची जीप घेऊन लोकांना नदीकाठ दाखवतात. गळ्यात भाजीवाल्यांकडे असतो तसला स्पीकर. गाडीत आम्ही तिघं, आणि हा माणूस स्पीकरवर ओरडतोय, "हा जो काया पत्थर हाय ना, हा आग होता आग! ज्वालामुखी फुटला तं इथले लोकं पळून थेट तेलंगणात गेले!"

"शकीलभाई, तेव्हा माणूस जन्मालाच आला नव्हता," मी म्हटलं.

"तेच सांगून राह्यलो, ताई. सगळे पळाले मंग इथं राहीन कोन?"

भाऊजी मान डोलावत होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा — परदेशात लाव्हा बघून आलेला माणूस, पण हे त्यालाही खपलं.

महागाव सोडून उमरखेडच्या अंगानं गेलं की आत एक फाटा लागतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर रील काढायला रांग लागेल. नदी जवळ आली तशी रस्त्यात एका म्हातारीनं हात आडवा करून जीप थांबवली. पायात चप्पल नव्हती. "बापू, माहा बुढा दिसला काय? पहाटचा घरून निघाला हाय. ध्यान राहत नाही त्याले, घर भुलते."

"पिऊन पडला असेल कुठेतरी," असं म्हणून भाऊजींनी काच वर केली. म्हातारीला ते ऐकू गेलं असणार. मला त्या काचेत भाऊजींचंच डोकं अडकवावंसं वाटलं. शकीलभाई मात्र खाली उतरले. कपडे कोणते, विचारलं. पांढरी बंडी आणि लाल दुपट्टा. "नदीकडेच जाऊन राह्यलो, माय. पायतो," म्हणाले आणि स्पीकर बंद करून गाडी चालवू लागले.

आता त्या ताटाचं. नदीचा काठ तिथं एकदम तुटलाय. काळ्या दगडाचे उभे खांब, लाकडाच्या वखारीत वासे उभे करून ठेवतात तसे एकाला एक चिकटून, आणि त्यांच्यामधून खाली उतरायला एकच वाट. वाटेच्या तोंडाशी शकीलभाईंनी स्टीलचं ताट ठेवलं, डब्यातून ट्रकच्या चाकाचे मोठाले नट काढले आणि खाली उतरणाऱ्यांच्या हातात एकेक दिला, एक स्वतःला ठेवला. उतरताना नट ताटात टाकायचा, वर आल्यावर उचलायचा.

"गॅरेजचा कायदा हाय," ते म्हणाले. "गाडी खोलली का नट ताटात. काम झाल्यावर ताटात नट उरला तं गाडी बाहेर निघत नाही. मंग मालक कितीबी बोंबलू दे."

भाऊजींना हे भलतंच आवडलं. ऑथेंटिक की काहीतरी म्हणाले आणि ताटाचा फोटो काढला. मला हसू आलं. तीन माणसं मोजायला ताट? माझी नणंद शोभा गुडघ्यांमुळे वरच राहिली. ताटाशेजारी पळसाच्या सावलीत चिवड्याचा डबा उघडून बसली. खाली उतरलो ते आम्ही तिघं — भाऊजी, मी आणि शकीलभाई. नट तिघांचे.

खाली जागा सुंदर आहे, हे मी कबूल करते. खांबांच्या मधून फटी, फटींतून गार वारा, आणि नदी अंग चोरून वाहतेय. शकीलभाई थोड्या थोड्या वेळानं थांबून हाक मारत होते, "ओ बाबाऽऽ!" उत्तर नाही. भाऊजी प्रत्येक खांबाला टेकून फोटो काढत होते. दुपार व्हायला आली तशी त्यांना भूक लागली, आणि खडकांचं वळण जिथं येतं तिथूनच आम्ही मागे फिरलो.

वर आलो. भाऊजींनी नट उचलला. मी उचलला, उन्हानं चांगला चटका बसला. शकीलभाईंनी आपला उचलला.

ताटात एक नट उरला होता.

"शोभा, हा तू टाकलास?"

"मी कशाला टाकू? मला दिलाच कुठं होता?" तिच्या तोंडात चिवडा होता. "इथं चिटपाखरू नाही फिरकलं."

शकीलभाई वाकून बघत राहिले, हात लावेनात. शेवटी मीच उचलला. तो गार होता. त्या उन्हात, तापलेल्या ताटात, हंड्यातून काढावा तसा गार आणि ओला. आतल्या आट्यांमध्ये ओली रेती होती.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच — हा ह्या माणसाचा शो आहे. खडक बघून झाले, आता थोडं भूत. पुण्याच्या साहेबाला वर फोडणी. मी तसं तोंडावर बोललेही. शकीलभाईंनी ऐकलंच नाही. म्हणाले, "खाली कोनीतरी हाय. गाडी निघत नाही."

भाऊजी भडकले. "अहो, तिघं गेलो, तिघं आलो! शाळेत गेला होतात की नाही?"

"गेलतो, साहेब. म्हनूनच म्हनतो. ताटात उरला म्हनजे उरला."

मी म्हटलं, चला. मी येते तुमच्यासोबत. ह्या माणसाला तिथंच, खडकात, खोटं पाडायचं आणि मग निवांत जेवायचं, एवढाच माझा हेतू होता. भाऊजी मागे थांबायला तयार नव्हते, म्हणून तेही कुरकुरत आले.

ह्या वेळी वळणाच्या पलीकडे गेलो. आणि तिथं दोन खांबांच्या फटीत लाल दुपट्टा दिसला.

म्हातारा उताणा पडलेला, डोळे अर्धवट उघडे. आवाज नाही, श्वास मात्र चालू. उजवा पाय तुटून पडलेल्या खांबाच्या तुकड्याखाली दबलेला. हाकेला ओ देण्याची ताकदच त्याच्यात नव्हती. मी नाडी धरली, आणि तेवढ्यात शकीलभाई नदीकडे बघून म्हणाले, "पानी गढूळ झालं."

मला वेळ लागला कळायला. मघाशी नितळ होतं ते पाणी आता चहाच्या रंगाचं झालं होतं आणि त्यावर फेस होता. वरच्या धरणाची दारं उघडली होती.

त्या दगडाला आम्ही तिघांनी जोर लावला, जागचा हलला नाही. "साहेब, गाडीतून जॅक आना. पळा!" आणि भाऊजी पळाले. हे मी त्यांच्या बाजूनं नमूद करते. पोट सांभाळत, धापा टाकत, एकदा चांगले सपशेल पडून, पण आणला जॅक. तोवर पाणी म्हाताऱ्याच्या कंबरेपर्यंत चढलं होतं. मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि मला भीती वाटत होती. साधी, उघडी भीती, की हा माणूस माझ्या हातात बुडणार आणि ती अनवाणी म्हातारी रस्त्यात उभीच राहणार. शकीलभाईंनी पाण्यात हात घालून चाचपत जॅक बसवला आणि दांडा हाणायला लागले, ट्रक उचलतात तसे. दगड उचलला गेला. मी पाय ओढून काढला. आम्ही त्याला उचलून वाटेला लागलो, आणि मागे वळून पाहिलं तर ती फट पाण्याखाली गेली होती.

त्या म्हातारीला वाटेत गाडीत घेतलं. भाऊजी उतरले आणि स्वतःची सीट तिला दिली.

दवाखान्यात सलाईन लागल्यावर म्हाताऱ्यानं डोळे उघडले. भाऊजी अगदी आशेनं विचारायला लागले, बाबा, तुमच्याजवळ कोणी होतं का तिथं? कोणी दिसलं का? म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "चाय भेटते काय?" बरं झालं. माझी अर्धी तबियत तिथंच सुधारली.

मग मी शकीलभाईंना व्हरांड्यात गाठलं. सरळ विचारलं, नट तुम्हीच टाकला ना? म्हातारा दिसला असेल तुम्हाला आधीच?

"दिसला असता तं मी ताटाची वाट पायली असती काय, ताई?" त्यांनी डबा उघडून दाखवला. सगळे एकाच मापाचे, ट्रकचे. मग माझ्या तळहातावरचा तो उरलेला नट बोटानं हलवला. "हा माह्या डब्ब्यातला नाही. हा मॅटाडोरचा हाय. मॅटाडोर आमच्या सलीमची होती."

सलीम त्यांचा मोठा भाऊ. खूप वर्षांपूर्वी गॅरेजची सगळी मंडळी याच खडकांत पोहायला आली होती. धरणाचं पाणी सुटलं, सगळे जीव घेऊन वर पळाले, घाईत सलीमची मॅटाडोर दुसराच कोणी चालवायला बसला. प्रत्येकाला वाटलं, सलीम मागे बसलाय. पुढच्या धाब्यावर चहा सांगताना कळलं, तो नाही. तो सापडलाच नाही. शकीलभाईंचं ताट त्यानंतरचं.

आता तुमच्या आधी मीच सांगते. जुना नट काठावर पडलेला असेल, कुणा पोहणाऱ्यानं उचलून ताटात टाकला असेल. मग शोभाला तो दिसला का नाही? कावळा बसायला आणि फांदी तुटायला? असेल. मायक्रोस्कोपखाली मी त्या आट्यांतली रेती पाहिली. नदीचं शेवाळ निघालं, म्हणजे काहीच निघालं नाही. मी आजही असलं काही मानत नाही. नट शकीलभाईंना परत दिला.

फक्त त्या व्हरांड्यातलं राहिलंय. मी चिडून म्हटलं होतं, "म्हणजे तुमच्या भावानं टाकला म्हणता?" मला वाटलं, आता हा रडेल, नाहीतर काहीतरी दर्ग्या-बिर्ग्याचं सांगेल, आणि मी त्याला सुनावीन. माझ्याकडे सगळ्यांसाठी उत्तर तयार असतं.

ते डबा बंद करत होते. खरंच कोड्यात पडल्यासारखे माझ्याकडे बघून म्हणाले, "पन ताई, त्याच्या टायमाले तं ताट नव्हतंच. ताटाचं त्याले कोनं सांगतलं?"