आडनावाचं सुतक

आमच्या आडनावाचं शहापुरात एकच घर, आमचं. वडिलांना, म्हणजे आप्पांना, या एकटेपणाची लाज वाटायची की अभिमान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते विणकर. दिवसभर मागाच्या खडखडाटात असायचे आणि उरलेल्या वेळात आपल्या आडनावाची माणसं शोधायचे. पुण्यात एक मोठे गायक होते, हुबळीत एक नामांकित डॉक्टर आणि इथे कॅम्पात लष्करातून निवृत्त झालेले एक अधिकारी. आप्पांच्या लेखी हे सगळे आमचे भाऊबंद. एकदा ते कॅम्पात जाऊनही आले. अधिकाऱ्यांनी बसवून घेतलं, चहा दिला आणि आपलं मूळ गाव भलतीकडचंच सांगितलं. घरी येऊन आप्पा म्हणाले, "रक्त वळखतंय. दोनदा चहा घ्या म्हणालं."

आई यावर हसायची. पण भाऊबंद म्हटले की त्यांचं सुतकही आलं, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

माझं लग्न तोंडावर आलं असताना ते गायक वारले. रेडिओवर बातमी लागली. आप्पांनी उठून माग बंद केला, देवापुढे दिवा लावू दिला नाही आणि दहा दिवस घरात शुभकार्य होणार नाही म्हणून सांगितलं. दारात मांडव उभा होता.

आईनं विचारलं, "त्यास्नी आपण हाय हे तरी म्हाईत हुतं काय?"

"त्यास्नी नसंल. मला हाय न्हवं."

निपाणीहून मुलाचे वडील आले. आधी त्यांनी समजुतीनं घेतलं, मग चिडले. पुण्यातलं सुतक शहापुरात कसं पोचलं, उद्या दिल्लीत कुणी गेलं तर पोरीला म्हातारी करणार काय, असं बरंच बोलून गेले. त्याच मुहूर्तावर त्यांनी मुलाचं दुसरीकडे उरकलं. त्या घरात कधी कुणाचं सुतक येईल याचा नेम नाही, असं आमच्याबद्दल पसरलं आणि पुढे स्थळं येईनाशी झाली. मी ग्रंथालयात नोकरीला लागले आणि त्याच घरात राहिले.

आप्पा यंदा दिवाळीच्या आधी गेले. मुलगा नाही, म्हणून दहाव्याला पिंड मीच ठेवला. आईही हट्टानं आली होती. समोरच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असली तर कावळा शिवत नाही आणि मागे राहिलेल्यांनी शब्द दिला की शिवतो, असं आमच्यात मानतात. मामा म्हणाले, आक्काला मी सांभाळतो. माग विकणार नाही, असं मी म्हणाले. ऊन चढत गेलं. कावळे जागचे हलले नाहीत.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. आप्पांचं काय राहिलंय ते प्रत्येकाला ठाऊक होतं. माझ्यासमोर ते बोलायला मात्र कुणी धजत नव्हतं. भटजींनी हलकेच विचारलं, दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववू का? मला एकदम मोकळं वाटलं. मी हो म्हणणार, तेवढ्यात आईनं माझा पदर धरला.

"म्हण गं बाई. त्येंचं तेवढंच हाय."

मांडव उतरवला त्या दिवशी हिनंच जेवण टाकलं होतं, आप्पांशी कितीतरी दिवस बोलली नव्हती. मी हात जोडले.

"आप्पा, भाऊबंदांचं सुतक मी पाळीन."

कावळा उतरला. दोन घास घेऊन उडाला. लोक सुटल्यासारखे उठले, नळावर पाय धुऊन जेवायला निघाले. आई रडत होती, पण तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

परवा मामा आपल्या मुलीच्या लग्नाची तारीख सांगायला आले होते. चार दिवस आधीच ये, सगळं तुलाच बघायचं आहे, असं मला म्हणाले. बघू, तेव्हा सुतक नसलं तर येते, म्हणाले मी. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.