चार चाकांवरची चौथी

पोरांना घेऊन वर्षभर गाडीतून देश फिरून आलात, की लोकांना वाटतं तुमच्याकडे फोटो साठले असतील. फोटो कोणी बघत नाही हो, साठतात ते किस्से! कारण राजस्थान असो की केरळ, चहाच्या टपरीवरचा माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, "और बच्चों का स्कूल?" तिथून पुढे जे काही होतं, त्याचा किस्साच होतो.

आधी ओळखी करून देते. मी सरकारी शाळेतली शिक्षिका, चौदा वर्षं नोकरी करून बिनपगारी रजेवर निघालेली. नवरा सुहास, याची नोकरी लॅपटॉपमध्ये असते. मुक्ता चौथीत, ओम दुसरीत. आणि नाशिकला इंदिरानगरात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारे माझे सासरे आबा. मुक्ताच्याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक!

टेम्पोत पलंग आणि शेगडी बसवून वर्षभर फिरायचं, पोरांना आपणच शिकवायचं, हा बेत ऐकून आबा एवढंच म्हणाले, "पोरांचं वर्ष वाया जाईल."

ते मला फार लागलं, कारण वाक्य माझंच होतं. शाळाबाह्य मुलांची यादी करायला मी दरवर्षी द्राक्षबागा आणि वीटभट्ट्या पालथ्या घालायचे. पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेल्या प्रत्येक आईला सांगायचे, "ताई, पोरांचं वर्ष वाया घालवू नका." त्या मान खाली घालून ऐकायच्या. मला वाटायचं, पटतंय त्यांना.

आबांनी शेवटी अट घातली. परत आल्यावर मुक्ताची परीक्षा ते स्वतः घेणार, नापास झाली तर ती पुन्हा चौथीत. शाळेत अजून त्यांचा शब्द चालतो, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती. सोबत त्यांनी एक कोरा हजेरीपट आणि एक पितळी घंटा दिली.

*

पहिल्या दिवशी आमची भारतभ्रमंती जेमतेम चांदवडपर्यंत पोहोचली आणि शाळेची वेळ झाली. हॉटेलच्या पार्किंगमध्ये मी घंटा वाजवली. कांद्याच्या ट्रकवाले दोघे-तिघे दचकून उठून बसले.

"मुक्ता?"

"हजर!"

"ओम?"

ओम शू करायला गेला होता. मी शांतपणे लिहिलं, गैरहजर.

"अगं, चार माणसं आहोत," सुहास म्हणाला. "तो तिकडे झाडामागे दिसतोय की!"

"झाड वर्गाबाहेर आहे."

दुपारी ओमने माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. 'महोदया, माझा पाल्य नैसर्गिक कारणामुळे पहिल्या तासाला हजर राहू शकला नाही. कृपया रजा मंजूर व्हावी.' खाली सुहासची सही. मी ती मंजूर करून हजेरीपटात डकवली. आता हसू येतं, तेव्हा अजिबात आलं नव्हतं.

*

कोकणात समुद्राशी गाडी लावून राहिलो होतो. पुस्तकात नेमका भरती-ओहोटीचा धडा आला. मी खूश! यालाच तर प्रत्यक्ष अनुभवातून शिक्षण म्हणतात. गाडीतून फळा काढला, वाळूत रोवला, चंद्र काढला, पृथ्वी काढली, बाण काढले. अर्धा तास जीव तोडून शिकवलं.

मग म्हटलं, "काही शंका?"

ओमने हात वर केला. "बाई, फळा जरा बाजूला घेता का? समुद्र दिसत नाहीये."

(शाळेच्या वेळात मला 'बाई' म्हणायचं, हा नियमही माझाच.)

*

तिमाहीनंतर पालकसभा व्हायलाच हवी. शिक्षिका मी, पालक सुहास. तो चक्क इस्त्रीचा शर्ट घालून आला. गाडीत इस्त्री नाही, त्याने तो गादीखाली दाबून ठेवला होता म्हणे.

मी प्रगतिपुस्तकं दाखवली. मुक्ता गणितात मागे पडते आहे, घरी अभ्यास घेत चला, असं बजावलं.

"ते घेतो," सुहास घसा साफ करून म्हणाला. "पण बाई, एक तक्रार आहे. वर्गात तुम्ही फार ओरडता असं मुलं घरी येऊन सांगतात."

"घरी? म्हणजे कुठे?"

"मागच्या सीटवर."

मी म्हटलं, तक्रार लेखी द्या. त्याने दिली! एक प्रत आबांना व्हॉट्सॲपवर. आबांचं उत्तर दोन मिनिटांत आलं: 'गंभीर बाब. खुलासा मागवावा.'

*

दर रविवारी आबा व्हिडिओ कॉलवर चाचणी घ्यायचे. एकदा त्यांनी परिसर अभ्यासातला सोपा प्रश्न काढला. "तुमच्या गावातून कोणती नदी वाहते?"

मुक्ताने प्रामाणिकपणे विचारलं, "कुठल्या गावातून, आबा? आजच्या की कालच्या?"

पलीकडून आबांचा आवाज आला, "शून्य."

कॉल संपल्यावर मुक्ता रडली. "मी परत चौथीत बसणार का गं? सगळ्या मैत्रिणी पाचवीत जातील." मी तिला जवळ घेतलं, पण मनातून मीच घाबरले होते. पोरीचं वर्ष मी माझ्या हौसेपायी घालवलं असलं तर? चौदा वर्षं मी दुसऱ्यांना सुनावलं, मला सुनावणारं इथे कोणी नव्हतं.

*

एप्रिलमध्ये परतलो. लोक वर्षभर फिरले की घराच्या ओढीने गाडी पळवतात. आम्ही नाशिक पंचवीस किलोमीटरवर असताना थांबलो, तेही तब्बल चार दिवस. कारण? आबांच्या परीक्षेची उजळणी!

सुहासच्या मित्राची द्राक्षबाग होती, तिच्या कडेला गाडी लावली. बागेत छाटणी चालू होती. सुरगाण्याकडची पाच-सहा कुटुंबं पालं टाकून राहिली होती. त्यांच्यातल्या यमुनाबाई पाण्याच्या नळावर भेटल्या. मी कपडे धूत होते, मागे मुक्ता मोठ्याने पाढे म्हणत होती.

"गाव कोनचं?" त्यांनी विचारलं.

"नाशिकच. इंदिरानगर."

"घर नाय का तिथं?"

"आहे. भाड्याने दिलंय."

"मंग ऱ्हाता कुठं?"

मी गाडी दाखवली. दोरीवर आमचे कपडे वाळत होते, बाहेर शेगडीवर भात शिजत होता.

"किती दिस झाले?"

"वर्ष होईल आता."

त्या एकदा गाडीकडे, एकदा मुक्ताकडे बघून हंडा उचलून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नागलीच्या चार भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन आल्या. "पोरास्नी खाऊ घाल," म्हणाल्या आणि लगेच कामाला गेल्या. मी भारावून गेले. मुक्ताला तिथल्या तिथे 'आदरातिथ्य' या विषयावर दहा ओळी लिहायला लावल्या.

तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून एक तरुण गुरुजी आले. पाठीला सॅक, हातात फॉर्म. बघताक्षणी ओळखलं, शाळाबाह्य मुलांची यादी! पालांपाशी पोरं खेळत होती, त्यांतच आमची दोन. गुरुजींनी एकेकाला विचारत नावं लिहिली.

"शाळेत जातोस का रे?"

"नाही," ओम म्हणाला. खरंच होतं.

"आई कुठंय?"

ओमने माझ्याकडे बोट केलं. मी शेगडीपाशी उकिडवी बसले होते, यमुनाबाई शेजारी कांदा चिरून देत होत्या. गुरुजींनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पालकांचे स्थलांतर', आणि माझ्याकडे वळले. आवाज समजुतीचा, मान किंचित तिरकी. मीही अशीच करायचे.

"ताई, पोरं हुशार दिसतात हो. त्यांचं वर्ष वाया घालवू नका."

मी उठले. गाडीत हजेरीपट होता, दहा महिन्यांचा, रोजच्या नोंदींचा. माझं शिक्षिकेचं ओळखपत्रही होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात यमुनाबाई विळी बाजूला सारून पुढे झाल्या.

"गुरुजी, तिला नका बोलू," त्या म्हणाल्या. "पोटासाठी फिरती बिचारी. हौसंनं कोन पोरांची शाळा सोडवतं?"