म्हादूबाबांच्या शेतातले दगड

आमच्या आजोबांच्या शेतातून रिकाम्या हाताने बाहेर पडायची कोणाला मुभा नव्हती. जाताना एक दगड उचलायचा आणि बांधावर टाकायचा. जावई असो, तलाठी असो, नाहीतर पत्ता विचारायला आलेला वाटसरू असो. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायकोला शेत दाखवायला नेलं. ती शालू नेसलेली, हातात हिरवा चुडा. आजोबांनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, "लहान घे, पोरी. आज पहिलाच दिवस हाय." तिने घेतला. पुढे पन्नास वर्षं घेतच होती.

मी चौथीपर्यंत शिकलो. त्यामुळे सजवून लिहिता येत नाही, आणि येत असतं तरी लिहिलं नसतं. झालं ते सांगतो.

आजोबांचं नाव म्हादू. इंग्रज साहेबाच्या राज्यात ते आजीला आणि एका बैलजोडीला घेऊन सिन्नरकडच्या कोरड्या गावातून पिंपळगावच्या बाजूला माळावर आले. सरकार पडीक जमीन देत होतं. अट एकच. तीन वर्षांत पीक दिसलं पाहिजे, नाहीतर जमीन परत. तलाठ्याने घोड्यावरून न उतरता हात केला, "त्या बाभळीपासून पुढं तुझं." माळावर बाभळी दोन होत्या. आजोबांनी कोणती ते विचारलं नाही. विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माझ्याही नाही.

दोन वर्षं नवरा-बायकोने दगड वेचले. शेजारची जमीन कोणाचीच नसल्यासारखी पडलेली होती, म्हणून वेचलेले दगड तिच्यात टाकले. शेवटी इकडे पायाला खडा लागेना. मग मोजणीदार साखळी घेऊन आला. मोजून झाल्यावर म्हणाला, "ही साफ केलेली दुसऱ्याची. तुमची ती पलीकडची, दगडांची."

पाचव्या दिवशी आजीने पाटी उचलली आणि म्हणाली, "चला. दगड ओळखीचेच हायेत."

त्याच महिन्यात साफ जमिनीचा मालक आला, कोंडाजी. तरणा आणि सरळ माणूस. झालेला प्रकार कळला तसा धावत आला.

"म्हादूदादा, अदलाबदल करू. दगडाची मला द्या. लय कष्ट झाले तुमचे."

"कष्ट माझे, जमीन तुझी. कागदात हाय ते हाय."

"मग निदान दगड तरी टाका माझ्यात परत."

"साफ केलेल्या जमिनीत दगड टाकू? मी काय येडा हाय?"

आजी तिथेच होती. म्हणाली, "भावजी, ह्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका."

एक वर्ष उरलं होतं. निम्मेही दगड निघाले नाहीत. नांगर घातला तर फाळ मोडला. तेव्हा आजीने पहार घेतली. दगडांच्या मधे जिथे माती दिसेल तिथे ती भोक पाडायची आणि आजोबा मागून बाजरीचे दाणे टाकायचे. अख्खा माळ त्यांनी असा पेरला. साहेब पाहणीला आला तेव्हा दगडांमधून बाजरी कमरेला लागत होती. साहेबाने पाहिलं, वहीत लिहिलं आणि घोडा वळवला. जमीन राहिली. पण आजोबा घोड्याला आडवे गेले आणि साहेबाच्या हातात दगड दिला. सोबतचा तलाठी हात जोडू लागला. साहेबाला वाटलं, भेट आहे. त्याने टोपी काढली आणि दगड खोगिराच्या पिशवीत घातला.

"आपला एक दगड विलायतेत हाय," आजोबा मरेपर्यंत सांगायचे. "तेवढाच कमी झाला."

एकाच माणसाला त्यांनी कधी दगड उचलू दिला नाही, कोंडाजीला. तो रोज दिवेलागणीच्या आधी तंबाखू खायला यायचा. दोघं बांधावर बसायचे. जाताना तो वाकला की आजोबा ओरडायचे, "ठेव खाली! तू रिकामा जा." कोंडाजी दगड ठेवायचा आणि खाली मान घालून निघायचा. म्हातारा होईपर्यंत हे असंच चाललं. मी एकदा विचारलं, "बाबा, त्यांनाच का नाही?"

"त्यानं उचलला तर त्याला वाटंल, देणं फिटलं."

मी म्हणालो, "वाटू द्या की. तुमचं काय जातंय?" त्यावर आजोबा उठून दुसऱ्या बांधाला जाऊन बसले. मीही मागे गेलो नाही.

आजोबा गेले तेव्हा मला दोन मुलं झाली होती. नदीकाठी वडील खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन उभे राहिले. मडक्याला भोक पाडायला खडा लागतो. तोच खडा पुढे दहा दिवस जपायचा आणि दहाव्याला पाण्यात सोडायचा. आमच्यातला एकजण खडा शोधायला वाळूत वाकला. तेवढ्यात कोंडाजी काठी टेकत पुढे आला. त्याने धोतराच्या सोग्यातून एक दगड काढला. निघताना आमच्या शेतातून उचलला होता.

"हा घ्या," तो म्हणाला. "आता वरडायला कोणी नाय."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "घ्या."

दहाव्याला तो आम्ही नाशिकला गोदावरीत सोडला; आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. म्हणजे आमचा एक दगड विलायतेत आहे आणि एक गंगेत. बाकीचे बांधावर आहेत, छातीएवढी भिंत झाली आहे. शेतात आता द्राक्षं आहेत, तरी नांगरटीला दगड निघतातच. कोंडाजीचा नातू संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतो. जाताना एक उचलतो. मी त्याला अडवत नाही.