गाऱ्हाण्यात नाव कोणाचं

आवडाबाईबरोबर सहलीला निघायचं तर घाई घरी ठेवून यावी लागते. खेडजवळच्या आमच्या वाडीतून आम्ही तिघी निघालो. गाडी तिच्या लेकीची, नम्रताची, चालवायलाही तीच. पुढे आवडाबाई, मागे मी, तिची शेजारीण, नारळांच्या पिशवीला टेकून. भातं झोडून झाली होती आणि नम्रताला पोफळीच्या वीजघरातून रजा मिळाली होती. आवडाबाईचा नवरा खंडू घरी राहिला. म्हशींचं कोण बघणार?

पुढच्या गावाची हद्द आली की आवडाबाई म्हणायची, "थांबव."

"आये, हा हायवे आहे गो!"

"हायवे तुझा, जमीन देवाची. न सांगता घुसायचं नाही."

प्रत्येक वेशीवर नारळ, हात जोडणं, मग पुढे. रसाळगडावर पडलेल्या तोफेशेजारी बसून आम्ही भाकरी खाल्ली. संगमेश्वराजवळ कसब्याच्या जुन्या देवळात ती मान दुखेपर्यंत छताचं कोरीवकाम बघत राहिली. "छिन्नी धरणाऱ्याचं नाव कुठंच नाही," म्हणाली. मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली.

ही बाई मी वीस वर्षं बघते आहे. खंडू तेव्हा मुंबईत छापखान्यात, म्हणून नांगर हिने धरला. बाईने नांगराला हात लावायचा नाही म्हणून वाडी ओरडली, ही शेताच्या शेवटच्या ओळीपर्यंत नांगरत राहिली. रस्त्यासाठी आम्ही तहसीलसमोर बसलो तेव्हा पोलिसांच्या गाडीत चढताना मला म्हणाली, "खिडकीची जागा माझी हां." आमच्या वाडीला आज डांबर आहे ते फुकट आलेलं नाही.

शेवटचा मुक्काम तिचं माहेर, देवरुखच्या वर सड्यापलीकडची, म्हणजे उघड्या कातळमाळापलीकडची, ऐनवाडी. खरी निघाली होती ती यासाठीच. नम्रताला शिकायला पाठवलं तेव्हा तिचा चुलतभाऊ धोंडू हसला होता, "पोरगी काय विमान उडवणार?" त्या दिवशी ही माहेरच्या देवाला नवस बोलली होती की लेक स्वतःच्या गाडीने आली तर तुझ्यासमोर उभी करीन.

गाडी देवळासमोर लागली. माणसं जमली. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं घालायचा, मान धोंडूचाच. त्याने नारळ हातात घेतला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी माहेरवाशीण आली आहे. तिचा घरधनी खंडू, त्याने नवी गाडी घेतलेली आहे..."

"व्हय म्हाराजा!" पुरुष गरजले.

नम्रताने मान खाली घातली. माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आवडाबाईने माझा दंड दाबला आणि स्वतः पुढे झाली.

"थांब दादा. देवाला खोटं सांगू नको."

"गाऱ्हाण्यात घरच्या पुरुषाचं नाव घेतात, आवडे. रीत आहे."

"मग देव राखण कोणाची करील? खंडूची? तो म्हशींजवळ बसला आहे. घाट उतरणार ती ही."

पाराजवळ कोणी तरी फिसकन हसलं. धोंडूचे कान लाल झाले. "मग तूच घाल गाऱ्हाणं!" असं म्हणून त्याने नारळ तिच्यापुढे धरला. त्याला वाटलं, बाई मागे सरेल.

बाईने नारळ घेतला.

"बा देवा म्हाराजा! नम्रता खंडू, माझी लेक. गाडी तिच्या कमाईची, चाक तिच्या हातात. घाटात, वळणावर, रात्री-अपरात्री तिला सांभाळ रे म्हाराजा!"

पुरुष धोंडूकडे बघू लागले. मागून हौसावहिनी, धोंडूचीच बायको, खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" मग सगळ्या बायका. मग पुरुषही, एकेक करून. धोंडू सगळ्यांत शेवटी, पण म्हणाला.

नारळ फुटला. खोबरं वाटताना तो पुटपुटला, "पोरीच्या बापाला मान द्यायला हवा होतास."

"देते ना," आवडाबाई म्हणाली. "पुढच्या वेळी त्याला पुढे बसवते."

नम्रता खाली बघत नव्हती आता. हौसावहिनी पदर खोचून गाडीचं दार शोधत होती. "मला आधी सड्यापर्यंत फिरवून आण गो," म्हणाली. "हे राहू देत इथेच."