रिकाम्या बादलीची वाट

आमच्या नणंदबाईंचा धंदा म्हणजे लोकांच्या घरातली ओल काढणं. कुणाचा पाईप फुटला, कुणाची टाकी वाहिली, की ताई ओल ओढणारी मशिनं टेम्पोत घालून हजर! सासूबाईंना हे कधीच पटलं नाही. "एवढी शिकलेली पोर, आणि लोकांच्या भिंती वाळवत फिरते," हे तुणतुणं कायमचं.

मग वरच्या मजल्यावरचा पाईप फुटला आणि नेमकी सासूबाईंचीच खोली भिजली. त्यांना दमा. ओलीमुळे धाप लागायला लागली, म्हणून त्यांना मामेसासऱ्यांकडे ठेवलं. तिथे त्यांचं मन रमेना. रोज फोनवर एकच, "मला माझ्या घरी कधी नेता?"

ताईंनी खोलीत मशीन लावलं, खिडक्या बंद केल्या आणि बजावलं, "भिंत सुकल्याशिवाय आईला आणायचं नाही." मशीन रात्रंदिवस घुरघुरत होतं. त्याची बादली रोज काठोकाठ! आमचे हे खूश. "बघ, किती पाणी निघतंय!" पण भिंतीला हात लावावा तर तश्शीच गार, ओलसर. फोनवर सासूबाई रडायला लागल्या, तेव्हा मलाही भरून आलं.

एका सकाळी ताई न सांगता आल्या. बघतात तर काय, खिडक्या सताड उघड्या!

"अरे शहाण्या, अख्ख्या गल्लीची हवा वाळवतोयस का? बादली भरतेय ती बाहेरच्या दमट हवेनं. भिंतीची पाळी कधी येणार?"

ह्यांचा चेहरा पडला. "आईच रोज फोनवर सांगते, खिडक्या उघड, हवा खेळू दे."

हसावं की रडावं कळेना. ज्यांना घरी यायची एवढी घाई, त्याच स्वतःच्या वाटेत आडव्या! ताईंनी तिथल्या तिथे फोन लावला. "आई, घरी यायचंय ना? मग ह्या वेळी माझं ऐक."

 पलीकडून आवाज आला, "बरं बाई."

त्यानंतर बादलीतलं पाणी रोज कमी होत गेलं. हे हिरमुसले, ताई मात्र खुलल्या. "भिंतीतली ओल संपत आलीय रे, हेच तर हवंय!" शेवटी बादली कोरडी ठणठणीत निघाली. ताईंनी भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "आणा आईला."

सासूबाई आल्या, पलंगावर टेकल्या, लांब श्वास घेतला. खोकला नाही, घरघर नाही. सवयीनं त्यांचा हात खिडकीकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. त्यांनी लेकीकडे बघितलं.

"उघडू का गं?"

उभ्या जन्मात त्यांनी कुणाला असं विचारलं नव्हतं.  ताईंनी हसून मान डोलावली.